काचेसारखं पाणी

श्रावण अर्ध्यावर आला की आमच्या मेहरूणच्या घरी नळाच्या पाण्याला रंग चढतो. फार नाही, पांढऱ्या बादलीत भरलं तर तळ जरासा धूसर दिसतो, इतकाच. पण शेजारच्या बायका लगेच जिन्यात जमतात. "काकू, तुमच्याकडेही पिवळं येतंय का हो?" मी म्हणते, "येणारच. वर नदीला पूर, मग खाली काय गंगाजल येणार?" त्या हसतात आणि आपापल्या घरी जाऊन भिंतीवरची यंत्रं चालू करतात.

माझ्याकडेही ते यंत्र आहे, मुलानं बसवलेलं. दर पावसाळ्यात त्याची दुरुस्ती करणारा पोऱ्या येतो, आतली पांढरी कांडी काढतो आणि शेपटीला धरून उंदीर दाखवावा तशी माझ्यापुढे धरतो. "बघा काकू, केवढी घाण." कांडी तपकिरी झालेली असते. मी ती हातात घेऊन उगाच बोटानं चोळत बसते. त्याला वाटतं, म्हातारी घाबरली, आता नवी कांडी घेणार. मी तशीही घेणारच असते. पण तो गाळ बोटाला लागला की मला दुसरीच नदी आठवते. हा वाघूरचा असेल, गिरणेचा असेल, मला तो तापीचाच वाटतो.

तापीकाठच्या एका गावात मी सून म्हणून गेले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना बोललेलं लागतं. माझे सासरे, आबा, नगरपालिकेच्या फिल्टरवर होते. गावाबाहेर नदीच्या अंगाला ते पाणी गाळायचं केंद्र, पण 'फिल्टर' एवढंच त्याचं नाव. आवारातच आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. नवरा जामनेरच्या बाजार समितीत नोकरीला, शनिवारी येई, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाई. उरलेला आठवडा मी, सासूबाई म्हणजे अक्का, आबा, आणि पाण्याचा आवाज. तो आवाज इतका कायमचा होता की एखाद दिवशी लाईट गेली आणि पंप थांबले की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

मी धुळ्याची. नळ सोडला की पाणी येतं आणि नळ बंद केला की थांबतं, एवढीच माझी अक्कल. नाही म्हणायला लहानपणी उन्हाळ्यात पांझरेच्या पात्रात आईबरोबर झिरा खणलेला आठवत होता. कोरड्या रेतीत हातभर खड्डा करायचा. तळाला पाणी पाझरायला लागतं, पण ते पहिलं पाणी गढूळ. ते वाटीनं उपसून फेकायचं. दुसरं आलं की तेही फेकायचं. मग काठावर गप्प बसायचं. मला बसवायचं नाही, मी सारखी हात घालायचे आणि पाणी पुन्हा ढवळायचं. आई म्हणायची, "ऊठ तिथून. तू हललीस की ते हलतं." मग केव्हातरी खड्ड्यात आभाळ दिसायला लागायचं. रेतीचा हा गुण मी तेव्हाच पाहिला होता, फक्त त्याचा विचार केला नव्हता.

आबांच्या फिल्टरवर तेच होतं, फक्त मोठ्या मापाचं. नदीतलं पाणी पंपानं उचलायचं, त्यात तुरटी सोडायची, मोठ्या टाकीत गाळ खाली बसू द्यायचा. मग वरचं पाणी रेतीच्या थरावर सोडायचं. रेतीखाली खडी, खडीखाली नळ. रेती काही करत नाही, नुसती आडवी येते. पाण्याला वाट काढत, अंग चोरत खाली उतरावं लागतं, आणि जे अंग चोरू शकत नाही ते वर अडकतं. खाली येईल त्यात जंतू मारायची पावडर टाकायची आणि ते उंच टाकीत चढवायचं. झालं. पण अडकलेला गाळ साचत जातो आणि रेतीचा दम कोंडतो. मग उलटं करायचं. खालून जोरानं स्वच्छ पाणी वर सोडायचं, रेती उकळत्या डाळीसारखी वर-खाली होते आणि गाळ वाहून जातो. आबा याला रेतीची आंघोळ म्हणत. उन्हाळ्यात तिला एक दिवसाआड आंघोळ पुरायची. गढुळाच्या दिवसांत, म्हणजे तापी उडदाच्या वरणासारखी दाट वाहायची तेव्हा, सकाळी घातलेली संध्याकाळपर्यंत टिकायची नाही.

सकाळी चहाआधी आबांचा एक नेम होता. गाळलेल्या पाण्याचा एक काचेचा ग्लास भरून घरात यायचे आणि खिडकीपाशी उजेडात धरायचे. खिडकीबाहेर चिंच होती. पाण्यातून चिंचेची पानं सुटी सुटी दिसली की म्हणायचे, "काच शे." काचेसारखं आहे, असं. मग तो ग्लास घरात जो कोणी पहिला समोर दिसेल त्याच्या हातात. मी नवी होते तेव्हा हा प्रसाद बहुधा माझ्या वाट्याला यायचा. तहान नसली तरी प्यावा लागे. आबा पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत, जणू मी आता पाण्याला मार्क देणार आहे.

त्या साली शकू बाळंतपणाला आली. शकू माझी नणंद, आबांची एकुलती लेक, सोनगीरला दिलेली. पहिलटकरीण. महामार्गावरचं सासर, अंगणातून ट्रक जातात म्हणायची, "ट्रकवाला हॉर्न वाजावस नि पोटमा हाऊ उड्या मारस." आल्या आल्या तिनं आबांच्या हातातला ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि मला चिडवलं, "वहिनी, तुमनं धुयानं पानी खारं. आमनं तापीनं गोड." मी म्हटलं, तापीचं नाही, आबांचं गोड. आबा नुसते हसले. त्यांचं शकूवर जेवढं प्रेम होतं तेवढं ते कधीच बोलून दाखवत नसत, पण ती आल्यापासून रेतीच्या आंघोळी वाढल्या होत्या. अक्का म्हणायच्या, "पोरगीसाठे बठ्ठी नदी गाळी टाकतीन आते."

नागपंचमी झाली आणि पाऊस धरून बसला. नंतरच्या रविवारी कानबाई. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं, की कानबाई म्हणजे आमच्याकडे भाऊबंदांचा सण. नारळाला देवीचं रूप द्यायचं, कळस मांडायचा, रोट करायचे आणि आपल्या भावकीनं बसून ते खायचे. दूर गेलेले सगळे घरी येतात. घराघरात पंधरा-वीस माणसं. आणि त्याच आठवड्यात तापी चढली. लाईटीचे खांब पडले. फिल्टर गप्प झाला. लाईट मधूनच यायची, तासभर राहायची, जायची. एवढ्या वेळात जे पाणी रेतीवर पडलं त्यानं रेती कोंडून टाकली. रेती धुवायला लाईट हवी, उंच टाकीतलं स्वच्छ पाणी हवं, आणि ती टाकी तर गावानं केव्हाच पिऊन संपवत आणली होती.

रविवारी सकाळी लाईट आली. फाटकाशी हंडे घेऊन बायका उभ्या. पाणी समितीचे सभापती, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते चपला हातात घेऊन चिखलातून आले. त्यांना मी दुष्ट ठरवू शकत नाही. त्यांच्याही घरी कानबाई होती आणि त्यांच्याही घरचे हंडे पालथे होते.

"आबा, लाईट शे तोवर पानी सोडी द्या," ते म्हणाले. "बठ्ठा गावमा आज रोट शेतस."

"रेती धोवानी शे, भाऊ," आबा म्हणाले. "जराखा दम धरा."

"तुम्ही रेती धोवाले बसशात आनि लाईट गयी त?"

रेती धुतली तर टाकीतलं उरलंसुरलं पाणी त्यातच जाणार, आणि लाईट गेली तर गावाला थेंब नाही. दुसरी वाट एक होती. गाळ बसायच्या टाकीतून एक नळ रेतीला वगळून थेट पुढे जात होता. बायपास म्हणायचे. त्याचा वॉल, म्हणजे चावी, गंजलेला होता, कारण आबांनी तो कधी फिरवलाच नव्हता. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. भाऊंचं बोलणं त्यांनी कदाचित अंगावरून जाऊ दिलं असतं. पण तेवढ्यात अक्का क्वार्टरच्या दारातून बोलल्या, आणि त्यांचा आवाज मोठा नव्हता, रडवेला होता.

"आपला घरमा कानबाई बसनी, पोर दोन जीवनी शे, नि कळसले पानी नही. फिल्टरवाल्याना घरमा पानी नही. लोके काय म्हनतीन?"

आबांनी तुरटीच्या वड्या नेहमीच्या दुपटीनं सोडल्या. गाळ बसायला जेवढं थांबता आलं तेवढं थांबले. पावडरचं घमेलं नेहमीपेक्षा भरलेलं ओतलं. मग वॉल फिरवला. दुपारपर्यंत गावात हंडे भरले, आणि नवल म्हणजे पाणी चांगलं आलं. आबांनी ग्लास खिडकीत धरला. चिंच दिसत होती, पानंसुद्धा दिसत होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काच शे." पण ग्लास कोणाला दिला नाही, टेकवून ठेवला.

अक्कांच्या माहेरची रीत अशी की कळसाच्या पाण्याला विस्तव दाखवायचा नाही. नळाचं येईल तसं, कोरं. आरती झाली की त्या पाण्याचं तीर्थ, आणि तीर्थाचा पहिला मान घरात जी गर्भार असेल तिचा. पोटातलं लेकरू देवीच्या ओळखीचं व्हावं म्हणून. शकूनं ओंजळ पुढे केली. तिच्या बोटांतून पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि ती हसली. पुढे मी ही ओंजळ इतक्या वेळा आठवली आहे की आता ती आठवण आहे की माझं बनवलेलं चित्र, हेही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी लाईट टिकली. आबांनी कानबाईच्या विसर्जनालाही न जाता रेती धुवून काढली. सगळं पूर्ववत झालं, निदान दिसायला.

भादवा लागता लागता गावात कावीळ निघाली. आधी नदीकडच्या आळीत, मग पेठेत, मग शाळेत. डोळे पिवळे झालेली माणसं ओट्यांवर ऊस खात बसलेली दिसायची. आणि पितरांच्या पंधरवड्यात एका सकाळी शकूनं जेवणाचं ताट लोटलं. "वहिनी, वास नको वाटस," म्हणाली. मी तिला उजेडात आणलं. खिडकीत उभी केली आणि तिचे डोळे बघितले. पिवळे होते.

सोनगीरहून तिच्या सासूनं काविळीची माळ आणली. गळ्यात घातली की कावीळ उतरेल तशी ती माळ लांब होते म्हणतात. माळ रोज लांब होत होती आणि शकू रोज पिवळी. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती असंबद्ध बोलायला लागली होती. तिथले डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी सांगितलं, ही पाण्यातून येणारी कावीळ, पुरुषाला झाली तर तो महिन्यात उठतो, पण गर्भार बाईला हिनं धरलं तर अवघड. औषध काय, असं आबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सलाईन आणि वाट बघणं. हे त्यांनी निर्दयपणे नाही सांगितलं. त्यांच्याकडे खरंच दुसरं काही नव्हतं.

"पाणी कुठलं पिता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नगरपालिकेचं," आबा म्हणाले.

डॉक्टर चिडले. त्या आठवड्यात आमच्याच गावचे किती पेशंट आले ते सांगू लागले. "गाळतात तरी का ते पाणी? कोण बघतं तुमच्या गावचं पाणी?"

मी आबांचा हात धरायला पुढे झाले, पण ते आधीच बोलले. दवाखान्यात सगळे शहरी बोलतात म्हणून आबाही तिथे जपून तसंच बोलत होते. हे मात्र घरच्या भाषेत आलं. "मी बघस, साहेब."

डॉक्टर शकूची नाडी पुन्हा बघू लागले, जी त्यांनी आत्ताच बघितली होती.

नेमकं कुठल्या पाण्यानं झालं, हे कोणाला सांगता येणार? गावातले नळ गटारीतून गेलेले होते, जागोजागी फुटलेले होते. शकू दोनदा बाजारात गेली होती, तिथे उसाचा रस प्यायली होती. हे सगळं मी आबांना त्या बाकावर बसून सांगितलं. ते हो हो म्हणत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी एका जाणत्या माणसानं मला समजावलं, की तुरटी गाळ बसवते पण सगळंच काही बसत नाही, उरलेलं रेती अडवते, आणि रेतीतून उतरलेल्या पाण्यातच पावडरला नीट काम करता येतं. मधली रेती वगळली तर पाणी डोळ्यांना फसवण्याइतकं नितळ होऊ शकतं. मी म्हटलं, बरं झालं तुम्ही हे आबांना कधी सांगितलं नाहीत. मग वाटलं, आबांना हे ठाऊक नव्हतं असं मी का धरून चाललेय? ठाऊक होतं म्हणूनच तर तो वॉल गंजला होता.

दवाखान्यात आबा सलाईनच्या बाटलीकडे बघत बसायचे. मला वाटायचं, थेंब मोजतात. एकदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा लक्षात आलं की ते बाटलीतून पलीकडची खिडकी बघतात. बाहेर काही नव्हतंच बघण्यासारखं, एक भिंत आणि तिच्यावर शेवाळ. ती भिंत बाटलीतून स्वच्छ दिसत होती. मला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. ज्या माणसानं सगळ्या गावासाठी नदी गाळली, त्याला आपल्या लेकीच्या अंगात गेलेलं पाणी काही गाळून काढता येत नव्हतं, आणि मी, अक्का, डॉक्टर, आम्ही सगळे त्याच्याभोवती नुसते उभे होतो.

शकू वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती. पूर्ण दिवसांची नव्हती, पण केस होते भरपूर. शकूला ती दाखवली नाही, तेव्हा दाखवत नसत.

आबा कामावर परत गेले. त्यांना कोणी काही बोललं नाही. चौकशी झाली नाही, भाऊंनी उलट फळं पाठवली. अक्का तर त्या दारातल्या बोलण्यानंतर पुन्हा आबांच्या कामाबद्दल काही बोलल्या असतील असं मला आठवत नाही. कोणी आबांना दोन शिव्या दिल्या असत्या तर मला वाटतं त्यांना ते सोसलं असतं. ते खोऱ्यानं रेतीचा वरचा थर काढायचे, उन्हात पसरायचे, पुन्हा भरायचे, ज्याची काही गरज नव्हती. फक्त तो ग्लासाचा नेम शकूला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून बंद झाला. पाण्याकडे ते उजेडात बघायचेच नाहीत.

पुढच्या वर्षी कानबाईला शकू येईल की नाही, याची आम्हाला धास्ती होती. ती आली. उंबऱ्यातच म्हणाली, "आबा, पानी द्या." आबा बसल्या जागेवरून उठेनात. मग तिनं स्वतः आत जाऊन ग्लास भरला, खिडकीपाशी गेली, उजेडात धरला. "काच शे, आबा," म्हणाली आणि त्यांच्याकडे तोंड करून तो सगळा ग्लास प्यायली. आबांनी मान फिरवली. तिला पुढे दोन मुली झाल्या, दोघी धडधाकट. पण दर साली, येताच, चप्पल काढायच्या आधी तिचं हे चालूच राहिलं. मी एकदा तिला म्हटलं, "शकू, त्यांना त्रास होतो गं." ती म्हणाली, "मालेबी व्हस, वहिनी. पन मी नही पेनी त आबा काय समजतीन?"

नव्वदीची वर्षंही सरत आली तेव्हा आबा निवृत्त होऊन गावातल्या घरात राहायला आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला नको म्हणत होते. काय दखानं शे आते, बघायचं काय उरलंय, म्हणत. अक्का नव्हत्या. गाव वाढलं होतं, फिल्टर मात्र तेवढाच होता, आणि त्याच्यावर आता कोणी नवा माणूस होता. त्या श्रावणात तापी पुन्हा चढली. नळाला जे आलं ते पाणी म्हणायलाही जीभ धजत नव्हती. चहा आणि पाणी शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही, असं. मी कळशीला जुनं पातळ दुहेरी करून बांधलं होतं, वर तुरटी फिरवत होते, चुलीवर पातेलं ठेवलं होतं. तेवढ्यात शकू आली.

आबा ओसरीवर बसलेले. तिच्या पावलांवरून त्यांनी ओळखलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन विचारलं.

"शकू, पानी कसं शे?"

मी आतून सकाळी उकळून गार केलेलं पाणी घेऊन धावले. तिनं हातानंच मला थांबवलं. ओट्यावरच्या नळाला ग्लास लावला, भरला. तपकिरी. उजेडाकडे धरला, तर पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तिचा स्वतःचा अंगठासुद्धा. मी मान हलवत होते, नको, नको. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आबांकडे बघत होती.

"काच शे, आबा," ती म्हणाली, आणि प्यायला लागली. घोट घोट, आवाज होईल असा, म्हणजे त्यांना ऐकू जावं.

आबांची मान या वेळी फिरली नाही. पस्तीस वर्षं ज्यानं ती नदी नाकाजवळ धरली होती, त्याला हातभर अंतरावरच्या ग्लासातला गाळाचा वास आला नसेल, असं मला वाटत नाही. त्यांचा हात थोडा पुढे झाला, ग्लास काढून घ्यावा तसा. मग तो मांडीवर परत आला, आणि तिचा ग्लास संपेपर्यंत तिथेच राहिला.